दादा, वहिनी आपणहून गेली नव्हती

सोलापूर,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय दादा,

तुझ्या तेराव्यानंतर मी तुला एक पत्र लिहिलं होतं. ते माझ्या ट्रंकेत तळाशी आहे. त्यात मी लिहिलं होतं की सारजावहिनी आपल्या मनानं माहेरी केमला गेली, मी थांब म्हणत असताना गेली, आणि जाताना मागं वळूनसुद्धा तिनं पाहिलं नाही. ते चुकीचं आहे. ती गेली नाही. तिला पाठवली.

मला हे आठ दिवसांपूर्वी कळलं. आज श्रावणी सोमवार म्हणून शाळा अर्धीच होती, म्हणून आता दुपारी लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसापर्यंत इथलं काय पोचतं आणि काय नाही, ते मला कसं कळणार? पण मी तुला जे सांगितलं ते तरी खरं असावं. नाहीतर तू तिकडं बायकोवर रुसून बसशील, असं काहीतरी वेडंवाकडं मनात येतं आणि झोप लागत नाही.

दादा, मी फार दमले आहे रे. मॅट्रिक होऊन आता शाळेत पोरींना बाराखडी शिकवते, त्यानं नाही. या घरात कुणाला काय सांगायचं आणि कुणापुढं गप्प बसायचं, हे सांभाळून दमले.

तुझा मॅट्रिकचा निकाल लागला तो दिवस आठवतो का? आबांनी मिलमध्ये, त्यांच्या सगळ्या खात्यात पेढे वाटले. नातेपुत्याच्या माळावर मेंढरं वळणाऱ्या घराण्यातला पहिला मॅट्रिक! चुलते मुद्दाम तुला बघायला आले. तू तोच होतास, कालचाच, पण ते तुला पुढून मागून असे बघत होते की जणू तुला बाजारातून आणलंय.

आणि मग ते पुढचं वर्ष. शाळा संपली की पुढं काय असतं, हे आपल्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारणार तरी कुणाला? तू कचेऱ्या हिंडलास, कोर्टात जाऊन आलास, दोन्ही मिलच्या ऑफिसांच्या पायऱ्या झिजवल्यास. जो तो 'बघू' म्हणायचा. मग तू सकाळच्या भोंग्याला घर सोडायचास आणि संध्याकाळच्या भोंग्याला परत यायचास. आळीतल्या लोकांना वाटावं, पोरगा कुठंतरी लागला. दिवसभर तू तळ्याच्या काठी बसून असायचास, हे फक्त मला ठाऊक होतं. तिथंच बसून तू माझं इंग्रजी पुस्तक आधी वाचून ठेवायचास, म्हणजे रात्री मला शिकवताना अडायला नको.

पुढं भरतीवाला जमादार आला आणि तू गेलास. बंदुकीच्या निशाणाच्या फळीवरचा काळा ठिपका तुला दिसला नाही, म्हणून शिपायात घेतलं नाही. रॉकेलच्या दिव्यात एवढी वर्षं वाचल्यावर कसा दिसावा? पलटणीच्या ऑफिसात कारकुनाची जागा नव्हती. लंगरखान्यात होती. परत सोलापूरला येऊन पुन्हा भोंग्याला बाहेर पडण्यापेक्षा तू लांगरी झालास. शिपायांचा स्वयंपाकी.

आता तुझी एक तक्रार सांगते. पहिल्याच पत्रात तू स्वच्छ का नाही लिहिलंस? नुसतं 'पलटणीत लागलो, काळजी नसावी' एवढंच. मॅट्रिक झालेला माणूस पलटणीत लागला म्हणजे टेबलाशीच बसणार, असं आबांनी धरलं. दुसऱ्या दिवशी खात्यात सांगितलं. तिसऱ्या दिवशी आळीत झालं. नातेपुत्यापर्यंत पोचलं तेव्हा तू थेट साहेबाच्या शेजारी बसायला लागला होतास. आबा खोटं बोलले असं मी म्हणत नाही. त्यांना खोटं बोलायची वेळच आली नाही. जो तो आपापलं थोडं त्यात घालत गेला.

पहिल्या रजेवर आलास आणि त्यांना खरं सांगितलंस, तेव्हा केमच्या सोयरिकीची सुपारी फुटली होती. आबा एवढंच म्हणाले, "आता ऱ्हाऊ दे." तेव्हापासून ते तसंच राहिलं.

रजेवर असलास की आबा तुला कोट घालायला लावायचे. खिशाला पेन. मग आळीतली माणसं कागद घेऊन यायची. कुणाला कलेक्टरकडं अर्ज करायचा असायचा, कुणाला मुलीच्या सासरी पत्र धाडायचं असायचं. तू सगळ्यांचं लिहून द्यायचास. रजेत तू खरंच कारकून असायचास की!

वहिनीला मात्र तू लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सांगितलंस. मी तिथंच होते, ज्वारी पाखडत. ती जात्यावर बसली होती. तू म्हणालास की मी कारकून नाही, लांगरी आहे, तुझ्या घरच्यांना वेगळं सांगितलं गेलं. जातं थांबलं नाही. माझे हात थांबले. थोडं दळून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजी तुमाला भाजी चिरता येती?"

तू म्हणालास, येते.

"मग उद्यापास्नं चिरा. वन्संची शाळा हाय. समदं माज्याच अंगावर पडतंय."

तू असा हसलास की आई बाहेर आली. आणि तू खरंच दुसऱ्या दिवशी मागच्या दाराआड वांगी घेऊन बसलास. आईनं बघितलं नि तुझ्या पायाखालची विळी ओढून घेतली. घरात बायका असताना गड्यानं विळीवर बसायचं म्हणजे काय? आणि शेजारच्या मागवाल्यांच्या घरातून कुणी पाहिलं तर? सगळ्या पलटणीला जेवू घालणारा माणूस, आपल्या घरात तुला कधी चहासुद्धा करता आला नाही. आई वाढायची, तू गप्प जेवायचास.

गप्प जेवायचास म्हणते, पण तेही बरोबर नाही. तू आबांबरोबर बसायचासच नाही. ताट वाढलं की म्हणायचास, तुमचं होऊ द्या. आबांचं होऊ द्यायचास, पाहुण्यांचं होऊ द्यायचास, आणि मग आमच्या बायकांच्या पंगतीत, चुलीजवळ येऊन बसायचास. आईला ते मुळीच खपायचं नाही. "गडी मानूस हाईस न्हवं? उठ की हितनं," म्हणायची. तू उठायचा नाहीस. लांगरी सगळ्यात शेवटी जेवतो, तू आम्हाला सांगितलंस. डाळ कमी पडली तर ती त्याला पडली पाहिजे, शिपायाला नाही. ती सवय तुझ्या अंगात इतकी मुरली होती की इतर जेवत असताना तुला घास उतरायचा नाही.

त्या पंगतीत तू किती बोलायचास! दिवसा कोटातला तू आणि चुलीजवळचा तू, दोन माणसं वाटायची. कूच असलं की लांगरी पलटणीच्या आधी निघतात, शिपाई येऊन टेकले की हातात चहा पडला पाहिजे. एकदा बर्फात लाकडं पेटेनात, तेव्हा तू स्वतःच्या अंथरुणातला पेंढा काढून जाळलास. शिपाई तुला 'मास्तर' म्हणायचे. कणीक मळताना शेजारी येऊन बसायचे आणि म्हणायचे, मास्तर, घरी दोन ओळी लिहून द्या. त्यांच्या बायकांना हळदीच्या बोटांची पत्रं जायची.

आणि तू वहिनीला शिकवायचास. कागदावर नाही, असंच, जेवता जेवता. मोठ्या देगात मीठ एकदम घालायचं नाही. निम्मं उकळी आल्यावर, निम्मं खालची लाकडं ओढल्यावर, कारण तोवर पाणी आटतं आणि चव बदलते. ती विचारायची, एवढ्या मोठ्या देगातलं ढवळायचं कशानं? तू म्हणायचास, वल्ह्यानं. तिला ते खरं वाटायचं नाही. मग आपल्या भावकीतल्या लग्नात, माढ्याला, बायकांच्या अंगावर मोठा स्वयंपाक पडला तेव्हा तिनं डाळ एकटीनं उतरवली. सगळ्या मांडवाला पुरली. बाया विचारायला लागल्या, कुठं शिकलीस गं? ती माझ्याकडं बघून नुसती हसली. तू तेव्हा आबांच्या शेजारी, कोट घालून, पाहुण्यांत बसला होतास.

तिकडं तुला ताप आला, तिकडंच तू गेलास. इथं नुसती तार आली. त्याबद्दल मी मागं लिहिलं आहे, परत लिहिण्याचं त्राण नाही.

आता जे चुकलं होतं ते.

नातेपुत्याचे चुलते भेटायला आले त्या दिवशी माझी मॅट्रिकच्या आधीची शाळेची परीक्षा होती. आईनंच मला ढकलून पाठवलं होतं, तुझ्यासाठी म्हणून. त्यामुळं घरात काय झालं ते मी पाहिलं नाही. आठ दिवसांनी वहिनीचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. आबा म्हणाले, तिचं मन इथं रमत नाही. मी ते धरून चालले. मी तिच्यावर रागावलेसुद्धा. वाटलं, नवरा गेला की आम्ही कुणीच नाही का हिचे?

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, कुणी स्वयंपाकाची बाई आहे का माहितीत? शाळेला जोडून खेड्यातल्या मुलींचं बोर्डिंग आहे. तिथली स्वयंपाकीण सोडून गेली. राहायला चुलीशेजारची खोली, जेवण आणि पगार. माझ्या मनात वहिनीच आली. घरी येऊन आईला म्हटलं, आपली वहिनी असती तर बरं झालं असतं, पण ती तर आपल्याला सोडून गेली.

आई भाकरी थापत होती. हात तसाच परातीत ठेवून म्हणाली, "ती गेली न्हाय गं. घालवली तिला."

मग तिनं सांगितलं. चुलते बैठकीत बोलत होते की आपला किसन म्हणजे साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसणारा, खुर्चीवाला माणूस, घराण्याचं नाव काढलं. आतल्या दारात वहिनी बसली होती, पदर तोंडावर घेऊन. ती तिथूनच म्हणाली, "खुर्ची न्हवती त्यास्नी. ते लांगरी व्हते. शंबर जनास्नी जेवू घालून मग जेवायचे."

चुलत्यांनी तंबाखूची पिशवी बांधली आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठले. त्याच दिवशी आबांनी केमला निरोप धाडला.

दादा, तुझ्या मरणानंतर तुझ्याबद्दल एवढं सरळ बोललेलं एकच माणूस, आणि त्यालाच घराबाहेर काढलं. मी तिथं असते तर बोलले असते का? मला खात्री नाही. मला कुणी विचारलं की मी 'भाऊ पलटणीत आहे' एवढंच सांगायची. त्यात खोटं काहीच नव्हतं, हे मी स्वतःला किती वेळा पटवलं असेल!

केमला ती कशी आहे, हेही आईला ठाऊक होतं. आपल्या आळीतल्या काशीमावशीचं माहेर केमचं. भाऊ म्हणतो, कारकून सांगून आचारी गळ्यात मारला. भावजय तिला चुलीजवळ येऊ देत नाही, पांढऱ्या पायाची म्हणते. रानातली कामं तेवढी सांगतात. ती कुणाशी भांडत नाही. पूर्वी किती बोलायची, आता बोलतच नाही म्हणे.

मी आबांशी बोलले. संध्याकाळी ते मिलमधून येऊन पटका काढत होते. म्हटलं, आबा, वहिनीला बोर्डिंगात काम मिळतंय, स्वयंपाकाचं. राहायची सोयही आहे.

"कारकुनाची बायकू लोकाच्या चुलीपुढं बसली म्हंत्याल."

"दादा कारकून नव्हता, आबा."

मला वाटलं ते हात उगारतील. ते खाली बसले. पटका मांडीवर घेऊन उलगडत राहिले.

"मला ठावं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "मागावर हुबा ऱ्हाऊन माजा जलम गेला. कुनी मला नावानं हाक मारली न्हाय, नुसतं 'ए' म्हनायचे. किसन पलटनीत गेला तवापास्नं आमच्यावरचा मुकादम, जॉबरसुदिक 'कारकुनाचं वडील' म्हंतो. पोरगं गेलं. एवढंच ऱ्हायलंय माज्यापाशी. ते बी काडून घे तू."

याला तू काय म्हणाला असतास, दादा? तू तर कोट घालून बसला असतास. हे मी रागानं लिहीत नाही. आबांचं ते नाव मला काढून घ्यायचं नाही. पण त्या नावाची किंमत वहिनी तिकडं रानात भरते आहे. आबा म्हातारे आहेत, ती एकवीस वर्षांची आहे. मी हे उलटसुलट करून पाहिलं. एकाचं दुखणं वाचवावं तर दुसऱ्याचं वाढतं, हे काही केल्या चुकत नाही.

शेवटी मी आबांना म्हटलं, मी मिलच्या दारात जाऊन ओरडणार नाही. पण मोठ्या बाईंनी विचारलं तर खरं सांगेन. ते म्हणाले, "आन तिला. पन ह्या घरात नगं." त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी उठायच्या आत घराबाहेर पडतात.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना वहिनीचं सांगितलं, आणि त्यांनी विचारलंच. एवढ्या मुलींचं एकटीनं जमेल का, शिकली कुठं? 'घरीच' हा शब्द जिभेवर होता. मी म्हटलं, माझा भाऊ पलटणीत लांगरी होता, त्याच्याकडून शिकली. तुझं काम मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारलं. वाटलं, बाई आता मला वरपासून खालपर्यंत बघतील. त्या म्हणाल्या, "मीठ बेतानं घालते का? मागच्या बाईनं आम्हाला खारवून ठेवलं होतं." मी हो म्हटलं आणि मला एकदम हसू आलं, आणि मग रडू आलं. त्यांनी खिडकीकडं बघितल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत वाट बघते, त्यानंतर दुसरी बाई बघावी लागेल, मुलींना उपाशी ठेवता येणार नाही.

काशीमावशी केमला जाणार होती. तिच्याबरोबर निरोप धाडला. काल ती परत आली. निरोप ऐकून वहिनीनं जे सांगितलं ते मावशीनं मला जसंच्या तसं सांगितलं:

"वन्संला म्हनावं, काम करीन. रांदायला लाजत न्हाय मी. पन माजी मी न्हाय येनार. मला घालवलंय. कुनीतरी न्यायला आलं पायजे."

तिचं काय चुकलं? सासरी परत जायचं तर सासरचं माणूस न्यायला यावं, ही आपली रीतच आहे. पंचमीला सगळ्या लेकी माहेरी येतात आणि पंचमी झाली की सासरचं कुणीतरी दारात उभं राहतं. या वर्षी केमला तिच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी एकेक करून जातील, आणि आपली वहिनी तेवढी ओट्याशी उभी राहील. विधवेला न्यायला कोण येतं? आबा जाणार नाहीत. चुलत्यांना सांगण्यात अर्थ नाही. तू नाहीस. उरले मी.

बाईमाणसानं कुणाला न्यायला गेलेलं आपल्याकडं कुणी पाहिलेलं नाही. आईला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "चालंल का इचारतीस कुनाला? ती कुनाची वाट बगती, त्ये बग." मग पेटीतून तिनं एक नवं लुगडं काढून, वहिनीला दे म्हणून, माझ्यापुढं ठेवलं. आबांचं मी बघते म्हणाली. मला ठाऊक आहे, आबांचं कुणालाच बघता यायचं नाही.

मला भीती वाटते, दादा. एकटी आगगाडीत कधी बसले नाही. तिचा भाऊ दारातच चार लोकांत विचारील, आचारी होता का कारकून? त्यानं विचारावं असं वाटत नाही. पण विचारलं तर 'पलटणीत होता' म्हणून मी सुटून जाणार नाही. लांगरी होता, असंच सांगेन. तिला माझ्या पुढं घालून बाहेर काढीन, आणि बोर्डिंगात तिच्या खोलीपर्यंत पोचवीन. आणि दर रविवारी तिच्याकडं जेवायला जाईन, आबा बोलोत किंवा न बोलोत. हे तुला कबूल करते.

नागपंचमी शुक्रवारी आहे. शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी केमला जाते.

तुझी धाकटी,
द्वारका